हात सोडलेली सोंगटी

२९ एप्रिल १९७३, रविवार

घडलं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणाला त्यात मीठमिरची घालता येणार नाही.

१. काल दुपारी मी कारखान्याच्या लॅबमध्ये होते. घरी मोठ्या वन्सं झुंबरबाई, माझी मुलगी चांगुणा (वय अकरा) आणि मुलगा गोरक्ष (वय सात) होते.

२. त्यांनी माझ्या वडिलांचा सारीपाट मांडला. थोड्या वेळाने गोरक्ष डावातून उठला. मग दोघीच खेळल्या.

३. वन्सं म्हणाल्या, ‘मी जिंकले तर तू माझी सून.’ चांगुणा ‘बरं’ म्हणाली.

४. चांगुणा हरली.

५. संध्याकाळी हे घरी आले. वन्संनी सांगितलं. ह्यांनी हसून गूळ फोडला आणि शेजारी वाटला.

६. मी कॉलनीच्या फाटकातून आत आले तेव्हा शेजारणीने माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल ते मला ठाऊक नव्हतं.

७. मला कोणी काही विचारलं नाही.

आज पट धुवायला काढला. पिवळ्या पट्टीवर मिशरीचं काळं बोट उमटलेलं आहे. वन्सं दिवसभर मिशरी लावतात आणि त्याच बोटाने सोंगटी सरकवतात. दान टाकण्याआधी कवड्या तोंडाशी नेऊन फुंकर मारतात. फुंकर म्हणायची, पण निम्मी थुंकीच. मधल्या घरात गुळाचा चिकटा होता आणि त्यावर मुंग्या. टँकरचं पाणी जपून वापरायचं असतं, तरी मी भांडंभर उकळून त्यात सोडा घातला आणि कवड्या टाकल्या. पाणी तपकिरी झालं.

हा पट अण्णांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, बेलापूरला पोस्टमास्तर होते. पौषात ते गेले आणि आईने पट माझ्या हाती दिला. भावांना नको होता. सुट्टी लागल्यावर मी मुलांना खेळायला शिकवलं. अण्णांचा पहिला नियम पहिल्याच दिवशी सांगितला: सोंगटीवरचा हात सोडला की ती परत उचलायची नाही. चांगुणा हा नियम इतका काटेकोर पाळते की चूक लक्षात आल्यावर डोळ्यांत पाणी येतं, पण सोंगटीला बोट लावत नाही. मला त्याचं समाधान वाटायचं.

अण्णांचा दुसरा नियम होता, पटावर पणाला काही लावायचं नाही. तो सांगायची मला गरज वाटली नव्हती.

३० एप्रिल, सोमवार

ह्यांच्याशी बोलले. हे कारखान्याच्या शेतकी खात्यात आहेत. ऊस संपून गाळप लवकर बंद पडल्यामुळे सध्या घरीच जास्त असतात. आरशासमोर उभे राहून मिशी कातरत होते.

‘अगं, खेळात बोलली पोरगी. गंमत ती.’

‘मग गूळ कशाला वाटलात?’

‘गमतीचा गूळ.’

‘अक्षयतृतीयेला सुपारी फोडायची म्हणतात वन्सं. तीही गमतीची?’

‘सुपारीच तर हाय. लगीन थोडंच लावतोय? पोरगी शहानी होऊ दे, सातवी करू दे. कानिफ काय पळून चाललाय व्हय?’

‘जूनमध्ये तिला नगरच्या शाळेत घालायचं ठरलंय. वसतिगृहाच्या अर्जावर तुमची सही आहे.’

‘आहे की. सही केली म्हंजे पोरगी इकली का?’

स्वतःच्या विनोदावर ते हसले. कातरलेले केस ओठांवर चिकटले होते. मी नजर काढून घेतली. बारा वर्षांत ह्यांचं हसणं मी कधी एवढं जवळून पाहिलं नसावं. हिरड्या दिसतात.

वन्सं आणि त्यांचा कानिफ फाल्गुनापासून आमच्याकडे आहेत. शेवगावच्या त्यांच्या विहिरीला खडक लागला. कानिफ इथल्या दुष्काळी कामावर खडी फोडतो. एकोणीस वर्षांचा आहे. त्यांच्या राहण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. दोन खोल्यांत सहा माणसं बसतात.

ह्यांच्या सायकलच्या पिशवीत आज सकाळी हिरवा खण आणि सुपारीची पुडी दिसली. खणाचं दुकान शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद असतं. म्हणजे खण शनिवारच्या खेळाच्या आधीचा आहे. दुसऱ्या कुणाच्या घरचं कार्य असेल.

१ मे, मंगळवार

शेजारची बनुबाई पीठ मागायला आली आणि ओट्याशी बसून राहिली.

‘बरं झालं बाई, नात्यातली पोर नात्यात. मामाची पोरगी हक्काचीच असती.’

‘ठरलेलं नाही काही.’

‘असं कसं? तुमी दारात शब्द दिल्ताच की. झुंबरबाई सांगत हुत्या.’

दारातला शब्द. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरच्या उंबऱ्याशी आले तेव्हा वन्संनी दोन्ही हात लावून दार अडवलं. सगळ्याच नणंदा अडवतात. ‘लेक देतीस का? दे म्हन, मगच आत सोडते.’ मागे सगळे हसत होते. ‘देते’ म्हणायचं असतं म्हणून मी म्हटलं. एकोणीस वर्षांची होते, दिवसभर उपाशी होते, आणि लेक म्हणजे कोण हे मला ठाऊक नव्हतं. दाराबाहेर उभं ठेवून उपाशी मुलीकडून तिच्या न जन्मलेल्या मुलीचा सौदा करून घ्यायचा, आणि सगळ्यांनी त्याला कौतुकाने टाळ्या वाजवायच्या. एवढी वर्षं मला हे किळसवाणं का वाटलं नाही ते कळत नाही.

पीठ दिलं. बनुबाईने जाता जाता चांगुणाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. चांगुणा लाजली. ती लाजली तेही मला आवडलं नाही.

२ मे, बुधवार

कानिफ कामावरून आला. केसांत, पापण्यांत खडीची पांढरी पूड. कामावर खायला मिळालेला सुकडीचा पुडा त्याने गोरक्षला दिला. मी त्याला पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

‘तुझं काय म्हणणं आहे?’

‘कशाचं, मामी?’

‘सुपारीचं.’

त्याने पाणी संपवलं, तांब्या उपडा घातला. ‘मला कुटं कुनी इचारलं?’

‘मी विचारतेय.’

‘चांगुणी लहान हाय. अजून माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा करती.’ मग डोक्यातली पूड झटकत, ‘आईला न्हाई म्हनलं तर ती जेवत न्हाई. आन् इथं परक्याच्या घरात ती जेवली न्हाई तर बरं दिसतंय का?’

‘मग म्हणणार काय?’

‘बघू म्हनलो. पाऊस पडल्यावर बघू.’

ह्या मुलावर मला राग धरता येत नाही. त्यामुळे आणखी त्रास होतो. एक जरी माणूस सरळ वाईट असतं तर बरं झालं असतं.

३ मे, गुरुवार

चांगुणा हरली कशी, हे शोधायचं ठरवलं. ती चांगली खेळते. मला दोनदा हरवलं आहे. वन्सं खेळतात त्या नुसत्या दैवावर, आणि ओरडण्यावर. म्हणून मला कवड्यांचा संशय आला. पोकळीत लाख भरून कवडी जड करतात असं अण्णा सांगायचे. कवड्या लॅबमध्ये नेल्या, एकेक तराजूवर ठेवली, भिंगाखाली पाहिली. साफ निघाल्या. आमच्या लॅब असिस्टंटने विचारलं, ‘बाई, हे कसले नमुने?’ मी म्हटलं, घरचे.

संशय घेतल्याची लाज वाटली नाही. खरा ठरला नाही ह्याचीच चीड आली.

घरी आल्यावर गोरक्षने न विचारता सांगितलं. तो मोरीच्या दारात उभा राहून आंब्याची कोय चोखत होता.

‘ताईनं मारलीच नाही.’

‘काय मारलं नाही?’

‘आत्याची सोंगटी. शेवटची होती. ताईला दान पडलं होतं. मी बघितलं. मी म्हटलं मार मार, तर माझ्याकडं डोळे वटारले.’

चांगुणाला बोलावलं. ती पट मांडून बसली. मी सांगितलं, त्या दिवशी शेवटी सोंगट्या कुठे होत्या त्या ठेव. तिने अचूक ठेवल्या. खरंच, एका दानात खेळ तिचा होता. वन्संची हिरवी सोंगटी फुलीच्या घरात नव्हती, जिथे मारता येत नाही; उघड्यावर होती.

‘दिसली नाही तुला?’

‘दिसली.’

‘मग?’

‘आत्याची एकच राहिली होती. मारली असती तर तिला परत पहिल्यापासून यावं लागलं असतं.’

‘खेळ असाच असतो.’

‘हो. पण ती किती खूश होती. शेवटची सोंगटी निघाली तेव्हा माझा मुका घेतला, गोरक्षला उचललं.’

‘आणि काय लावलं होतं ते माहीत होतं तुला?’

‘हो.’

‘तुला शेवगावला जायचंय?’

ती सोंगट्यांचे रंग वेगळे करत बसली. मग म्हणाली, ‘नगरच्या शाळेत जायचंय. पण मी बरं म्हणून बसले. हात सोडला की परत उचलायची नाही ना.’

मी म्हटलं की तो नियम सोंगटीचा आहे, बोलण्याचा नाही. ती म्हणाली, ‘बोलण्याचा तर जास्तच असेल.’ नियम चुकीच्या जागी लावते आहे. समजावून सांगण्यात माझं काहीतरी कमी पडतंय.

शेवटी विचारलं, ‘तू जिंकली असतीस तर काय मागणार होतीस?’

‘आत्या म्हणाली, म्हणशील ते.’

‘ते काय?’

‘तू एक दिवस कारखान्यात जाऊ नये, असं आत्यानं तुला सांगायचं. तिचं तू ऐकलं असतंस, पाहुणी आहे म्हणून.’

माझी ह्या वर्षीची किरकोळ रजा बरीच शिल्लक आहे. तसं तिला सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली.

४ मे, शुक्रवार

रजा टाकली. वन्संशी बोलायचं होतं. त्या मागच्या अंगणात शेवया वाळत घालत होत्या, उद्याच्या सणासाठी. तोंडात मिशरी. बोलण्याआधी कुंपणापलीकडे थुंकल्या. थोडं कुंपणावर पडलं.

‘वन्सं, उद्या सुपारी फुटायची नाही.’

‘का गं बाई? तिथी वाईट हाय का? आखिती हाय, साडेतीन मुहूर्तातली.’

‘चांगुणा लहान आहे. ती शिकणार आहे.’

‘शिकू दे की. मी काय तिच्या पुस्तकाची चूल पेटवनार हाय?’ शेवयांवरची माशी त्यांनी हाताने हाकलली आणि त्याच हाताने शेवया पसरल्या. ‘दारात तू शब्द दिलास. पटावर पोरीनं दिला. आता आनखी काय, देव खाली यायचा?’

‘दारातला शब्द मी मागे घेते.’

‘घे की. तू लॅबवाली बाई. तुजं सगळं मागं घेता येतं, भांडं धुतलं की झालं. पोरीचं तसं न्हाई. ती माझ्यावर गेली.’

‘ती मुद्दाम हरली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.’

मला वाटलं, हे ऐकून त्या चपापतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘ठाऊक हाय मला. मी काय आंधळी हाय? माझ्यासाटी जी पोरगी हातातला डाव सोडती, ती सून मी दुसऱ्याच्या घरी जाऊ देऊ?’

ह्या बाईने मुलीची माया डोळ्यांनी पाहिली आणि तिचा हिशेब मांडून ठेवला, जसा उसातल्या साखरेचा उतारा मांडतात.

त्या पुढे म्हणाल्या, आवाज उतरवून, ‘राही, एक सांगू का? राग येऊ दिऊ नको. तिला अंधाराचं भ्या वाटतंय. तुजे वडील गेल्यापासून. म्हनून ती माझ्या कुशीत निजती. तुला ठाऊक हुतं?’

मला ठाऊक नव्हतं. ही माहिती मला कोणी दिली नव्हती. मी तसं म्हटलं.

‘माहिती!’ वन्सं हसल्या. ‘आगं, लेकरू माहिती देत न्हाई.’

मी आत जायला वळले. त्या मागून म्हणाल्या, अगदी सहज, शेवया पसरत, ‘आन् माझ्याकडं काय डोळं काढतीस? मला पट कुटं येतोय? गैनीच म्हनला, तायडे, तू नुसतं माग म्हनशील तर पोरगी लाजून पळंल. पटावर माग. पटावर बोलली की ती शब्द मोडत न्हाई.’

गैनी म्हणजे हे. गहिनीनाथ.

पट ट्रंकेतून खाली काढून ठेव, मुलांना सुट्टी आहे, असंही ह्यांनीच सांगितलं होतं. खणही ह्यांनीच आधी आणला होता. मला दिसत होतं आणि मी दुसऱ्या कुणाच्या घरच्या कार्याचा समजत होते.

बापाला आपली मुलगी चांगली कळली आहे. ती कुठे वाकते, कुठे वाकत नाही, त्याने नेमकं ओळखलं. आणि ओळखून तिथेच सुतळी बांधली. दुपारी हे जेवायला बसले. मी वाढलं. भाकरी मोडताना त्यांची बोटं पाहिली आणि उठून बाहेर आले. मळीच्या टाकीवरून वारा येत होता. त्या वासाने ह्या कॉलनीत सगळे नाक धरतात. मला तो घरातल्यापेक्षा बरा वाटला.

५ मे, शनिवार. अक्षयतृतीया

सकाळी पाट मांडला. हळदकुंकू, खण, सुपारी. बनुबाई आणि तिचा नवरा साक्षीला. कानिफ कामावर निघून गेला होता. खाडा पडेल म्हणाला.

चांगुणाला वन्संनी स्वतःची जरीच्या काठाची साडी दुमडून नेसवली होती. ती पाटावर बसणार तेवढ्यात मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

‘चांगुणा, अण्णांचा तिसरा नियम मी तुला सांगायचा राहिला. मुद्दाम हरलेला डाव धरत नाहीत. त्या डावात जे बोललं ते सगळं रद्द.’

तिने माझ्याकडे बारकाईने पाहिलं. ‘अण्णांनी सांगितलं होतं?’

‘हो.’

‘आधी का नाही सांगितलंस?’

‘मुद्दाम हरणारं कोणी आमच्या घरात नव्हतं.’

असा नियम नाही. अण्णा असं कधीही म्हणाले नाहीत. मी तो दाराला पाठ लावून उभी असताना केला. नोंद असावी म्हणून लिहिते.

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत राहिली. मग साडी सोडली, नीट घडी केली, परकर-पोलक्यावर बाहेर गेली आणि घडी वन्संच्या मांडीवर ठेवली.

‘आत्या, तो डाव धरायचा नाही. मी मुद्दाम हरले होते. नियम आहे.’

‘अगो बया! मग परत मांडू की.’

‘मांडू. पण आता काही लावायचं नाही.’

वन्संनी तिला जवळ ओढलं आणि रडायला लागल्या. चांगुणाही रडली. बनुबाई ‘लेकरू ते’ म्हणत डोळे पुसायला लागली. हे मात्र माझ्याकडे पाहत होते.

‘पटाचं कायदं आता तू करनार?’

‘तुम्ही पट मांडायला लावलात. नियम कुणीतरी सांगायला हवेत.’

‘भाऊबंदांत मी तोंड दाखवायचं न्हाई का? शेवगावला सगळ्यांना सांगून बसलोय.’

‘कधी सांगितलंत? गेल्या शनिवारी तर खेळ झाला, तेव्हापासून तुम्ही इथून हलला नाहीत.’

बनुबाईच्या नवऱ्याने खाली पाहिलं. ह्यांनी खण आणि सुपारी पिशवीत कोंबली. ‘चल तायडे. पोरीचं काय काम हाय? बाप बसला पाटावर की सुपारी फुटती. तिथं फोडू.’ वन्सं जाईनात. दोनदा चांगुणाकडे वळल्या. ह्यांनी त्यांचं गाठोडं स्वतः उचललं. दुपारच्या एस.टी.ने दोघं गेली.

मुलगी इथे, मुलगा खडीवर, आणि सुपारी शेवगावच्या रस्त्याला. ह्याला हे लोक मंगल कार्य म्हणतात.

कानिफ संध्याकाळी आला, घर रिकामं पाहिलं, भाकरी खाल्ली आणि बाहेर ओट्यावर आडवा झाला. ‘मामी, सुपारी फुटली का?’ ‘माहीत नाही.’ ‘मलाबी कळवा,’ म्हणाला.

चांगुणाचं अंथरूण माझ्या शेजारी घातलं. कंदिलाची वात रोजच्यासारखी पूर्ण उतरवली नाही. तेल जास्त जातं, पण चालेल.

६ मे, रविवार

आज ह्यांना टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल. मायना लिहिला नाही. जो लिहितात तो हाताला आला नाही.

‘तुम्ही शनिवारी सुपारी घेऊन गेलात. ती फुटली की नाही हे मला ठाऊक नाही.

उंबऱ्यावर मी जो शब्द दिला होता तो मी मागे घेते. भावकीसमोर म्हणायला सांगितलंत तर तिथे येऊन म्हणेन. चांगुणाने दिलेला शब्द तिने स्वतः वन्संना परत केला आहे आणि त्यांनी तिला जवळ घेतलं, हे तुम्ही पाहिलं आहे. तेव्हा आता शब्द उरला आहे तो फक्त तुमचा. तो देण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता.

मुलगी खरी वागते म्हणून तिला अडकवता येईल, हे तुम्हाला सुचलं. मला ते सुचलं नसतं. ह्या घरात पुन्हा तुमच्यासाठी ताट वाढायचं तर मला आधी ते विसरावं लागेल, आणि मला विसरता येत नाही. तुम्ही मदत केलीत तर प्रयत्न करीन.

सुपारी फुटली असेल तर मोडल्याचं, फुटली नसेल तर फोडणार नसल्याचं, तुमच्या हाताने दोन ओळींत लिहा. वन्संच्या हाती निरोप नको, त्यांना ह्यात पुन्हा घालू नका. तसं पत्र आलं नाही तर मी दोन्ही मुलांना घेऊन बेलापूरला आईकडे जाईन, आणि जूनमध्ये चांगुणाला तिथूनच नगरला पोचवीन. कानिफच्या जेवणाची सोय बनुबाईकडे करून जाईन.

वन्संना सांगा, चांगुणा त्यांची आठवण काढते. हे मी रागाने लिहीत नाही.

उत्तर शुक्रवार, ११ मेपर्यंत मिळावं.’